सिस्टरना विचारा : पोटात बाळ आहे आणि पिणं सुटत नाहीये

यावेळी सगळी पत्रं एकाच विषयावरची घेतलीत, कारण तशीच जास्त आली. गरोदरपण आणि दारू, ताडी, मशेरी, गोळ्या. नावं छापत नाही, पत्ता पण पूर्ण देत नाही, तेव्हा बिनधास्त लिहीत जा.

प्रश्न : सिस्टर नमस्कार, आम्ही अशोक चौकाच्या पुढं राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दीर आणि धाकटी जाऊ. जाऊ २३ वर्षांची आहे, चौथा महिना चालू आहे. दीर लूमवर रात्रपाळीला जातो, तो पहिल्यापासून घेतो, आधी रविवारी मटणाबरोबर तिला पण द्यायचा, मग ताडी चालू झाली, आता वर्ष झालं ती रोज संध्याकाळी देशीची क्वार्टर घेते, कधी जास्त पण. वास येऊ नये म्हणून बडीशेप चघळत बसते. आशाताई आली की मागच्या दारानं जाते. एक सोनोग्राफी झाली तेवढीच, नंतर तपासणीला गेलीच नाही. सासूबाई म्हणतात खोलीत कोंडून ठेवा दोन दिवस, आपोआप उतरंल. गल्लीत लई बोलतात. बाळ बिघडलं असेल का? पाडावं लागंल का? मी ओरडू का गप्प बसू काही कळंना झालंय. – मोठी जाऊ

उत्तर : ताई, कोंडायचं आधी डोक्यातून काढा, आणि सासूबाईंना आजच्या आज सांगा. रोज घेणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली की शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, उलट्या, छाती धडधडते, झोप लागत नाही, काही जणांना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि त्याच्या पुढं भास व्हायला लागतात, माणूस बडबडतो, समोरच्याला ओळखत नाही. हे कुणाच्याही जिवावर बेतू शकतं, इथं तर पोटात बाळ आहे, बंद खोलीत फिट आली आणि कुणाला कळलंच नाही तर दोन्ही जीव जातील. दारू बंदच करायची आहे, त्यात काही वाद नाही, पण दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. तिथं औषधं देऊन तिला सावरतात, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, बाळाचे ठोके बघत राहतात. आपल्या सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाचा विभाग आहे, मानसोपचाराचा पण आहे, केसपेपर काढताना लाजू नका, आत गेल्यावर सरळ सांगा की रोज क्वार्टर घेते आणि ताडी पण प्यायलेली आहे. ताडीचं मुद्दाम सांगायचं, कारण कित्येक ठिकाणी ती झाडाची नसतेच, क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं रसायन पाण्यात कालवून विकतात, आणि त्याची सवय लागलेली असली तर उतरतानाचा त्रास वेगळा असतो, डॉक्टरांना ते माहीत असलेलं बरं. घरीच थरथर जास्त वाटली, बोलणं असंबद्ध झालं, फिट आली, पोटात कळा किंवा रक्त दिसलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघायची नाही.

आता बाळाचं. आईनं घेतलेली दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जाते आणि बाळाचं लिव्हर अजून तयार नसतं म्हणून ती त्याच्या अंगात जास्त वेळ राहते. त्यातून वजन कमी भरू शकतं, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ शकतं, हृदयात दोष राहू शकतो, आणि मेंदूवर परिणाम झाला तर तो पुढं शाळेत दिसतो, लक्ष न लागणं, लक्षात न राहणं, रागावर ताबा नसणं. १९७३ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी अशा मुलांची एकसारखी लक्षणं नोंदवली, लहान डोळे, पातळ वरचा ओठ, नाक आणि ओठामधली घळ सपाट, तेव्हापासून जगभर हे मानलं गेलंय. गरोदरपणात इतकी घेतली तर चालते असं कुठलंही प्रमाण अजून कुणी दाखवलेलं नाही, म्हणून एक पेग पण नको असंच सगळे डॉक्टर सांगतात, देशी असो बिअर असो वा वाईन.

पण ताई हे नीट ऐका, कारण तुम्ही विचारलंय पाडावं का. घेतली म्हणजे बाळ बिघडलंच असं होत नाही. मेंदूची वाढ नऊच्या नऊ महिने चालू असते, चौथ्या महिन्यात थांबली तर पुढचे पाच महिने बाळाला मिळाले, सातव्यात थांबली तरी दोन मिळाले. १८ ते २० आठवड्यांच्या मध्ये एक सविस्तर सोनोग्राफी असते, ती तिची जवळच आलीय, ती चुकवू नका, त्यात बाळाचे अवयव बघतात. मेंदूचं सगळं काही त्यात दिसत नाही हे खरं, पण पुढं काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून तिनंच ठरवायचं, आणि मेडिकलमधून गोळ्या आणून घरी पाडण्याचा प्रकार तर अजिबात नको, चौथ्या महिन्यात त्यानं रक्तस्राव होऊन बाई दगावू शकते.

आता ओरडायचं का गप्प बसायचं. माझं स्पष्ट मत आहे, या बाईला सगळ्यात जास्त धोका आहे तो लपण्यातून. आशाताईला बघून मागच्या दारानं जाते म्हणजे बीपी नाही, रक्ताची तपासणी नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत, धनुर्वाताचं इंजेक्शन नाही, दारूनं जेवढं नुकसान होईल त्यात या सगळ्याची भर. आणि ती लपते का, तर गल्ली बोलते म्हणून. नवरा पिऊन नळाजवळ पडला तर लोक म्हणतात कामाचा शीण आहे, बाईच्या तोंडाला वास आला की तिचं खानदान काढतात. तुम्ही मोठ्या जाऊ आहात, तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या राहिलात की निम्मं काम झालं. दुपारी, ती प्यायलेली नसताना, घरात दोघीच असाल तेव्हा बोला. "तू असं का करतेस" विचारलं की ती खोटं बोलणार, सगळेच बोलतात. त्यापेक्षा असं विचारा की संध्याकाळी काय होतं गं तुला, नाही घेतली तर कसं वाटतं, थरथर होते का. उत्तर आलं की मध्ये बोलू नका. उपदेश नंतर पण करता येतो, नाही केला तरी चालतो. मग म्हणा मी तुझ्याबरोबर येते दवाखान्यात, बाहेर कुणाला सांगणार नाही, आणि खरंच सांगू नका, सख्ख्या बहिणीला पण नाही.

तिला भीती असेल की डॉक्टर पोलिसात देतील, बाळ काढून घेतील, हे मी कित्येक बायकांच्या तोंडून ऐकलंय. तसं काही नाही. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा व्यसनाच्या आजाराला पण लागू आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलाय, आणि तीन वर्षांच्या आतलं मूल असलेली आई उपचारासाठी भरती झाली तर सहसा मुलाला तिच्यापासून वेगळं करायचं नाही असं पण लिहिलंय.

दवाखान्यातून घरी आल्यावरची संध्याकाळ सगळ्यात अवघड, पाच ते आठ. दीर कामाला निघायच्या तयारीत, त्याची बाटली खिडकीत, स्वयंपाकाची घाई, पोटात भूक. पुष्कळदा जी तलफ वाटते त्यात भूक मिसळलेली असते, म्हणून पाच वाजताच तिला पोटभर खायला द्या, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, उकडलेलं अंडं, जे घरात असेल ते. मग तिला एकटी सोडू नका, तुम्ही, शेजारची कुणी विश्वासातली, नाहीतर तिची आई, पाळीपाळीनं सोबत बसा, गप्पा मारा, सिरियल बघा, देवळापर्यंत चालून या. अर्धा तास निघाला की तलफ बऱ्याच वेळा ओसरते. एखाद दिवशी घेतलीच तिनं, तर "गेलं सगळं पाण्यात" म्हणू नका, दुसऱ्या दिवशी परत तिथूनच चालू करायचं.

आणि दीर. त्याला सोडून हे होणार नाही. सवय त्यानं लावलीय, बाटली तो आणतो, मग उपचार एकट्या तिचा कसा? निदान बाळंतपण होईपर्यंत घरात बाटली येणार नाही एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या, तुमच्या मिस्टरांनी बोलावं त्याच्याशी, भावाचं ऐकेल. तिच्याबरोबर तोही मानसोपचाराच्या ओपीडीला गेला तर फार उत्तम. पिऊन मारहाण करत असेल तर मात्र समजावत बसू नका, महिला हेल्पलाइन १८१ आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची फुकट तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठीच आहे ती, डॉक्टर स्वतः तपासतात. पण भरतीसाठी ९ तारखेची वाट बघू नका, उद्याच जा.

प्रश्न : मी विड्या वळते, सहावा महिना आहे. सकाळी मशेरी लावल्याशिवाय मला परसाकडे होत नाही, दिवसातून चार-पाच वेळा लावते. दारू कधी शिवली नाही. आमच्यात सगळ्याच लावतात, माझ्या आईनं लावून पाच पोरं काढली. मशेरीनं पण काही होतं का? आणि विड्याचं काम बंद केलं तर घर कसं चालंल? – कुचन नगर

उत्तर : होतं. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच, हिरड्यातून निकोटीन थेट रक्तात जातं आणि वारेकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला जेवण आणि हवा कमी पोचते. २००४ मध्ये मुंबईतल्या बाराशेच्या वर गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला होता, त्यात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि दिवस भरायच्या आधी जन्मण्याचं प्रमाण पण जास्त निघालं. धुराची तंबाखू नव्हती बरं का ती, तोंडातली होती. आईनं पाच पोरं काढली हे खरंय, पण त्यांची वजनं कुणी लिहून ठेवलीत?

परसाकडचं म्हणाल तर लोहाच्या गोळ्यांनी पण मलावरोध होतो, म्हणून मशेरी वाढत जाते असं मी बघितलंय. उठल्या उठल्या दोन ग्लास कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, जेवणात पालेभाजी आणि ताक, आणि दवाखान्यात सांगितलं तर गरोदरपणात चालणारं औषध देतात. पहिली सकाळची मशेरी सोडणं सगळ्यात जड जातं, तर तुम्ही आधी दुपारची आणि संध्याकाळची बंद करा, सकाळची शेवटी. हात सवयीनं डबीकडं जातो, तिथं भाजलेली बडीशेप किंवा ओवा ठेवा. सोबत कुणी असली तर सुटते, शेजारी वळायला बसणाऱ्या दोघी-तिघींनी मिळून ठरवा. तंबाखू सोडायची फुकट हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६. निकोटीनचं च्युइंगगम मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नका.

कामाचं, मी बंद करा म्हणणार नाही, हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालतं हे मला ठाऊक आहे. पण जर्दा, म्हणजे विडीतली तंबाखू, कातडीतून पण अंगात जातो आणि त्याची धूळ श्वासातून. तेव्हा खिडकीजवळ नाहीतर ओट्यावर बसा, मांडीवर सूप घ्यायच्या आधी वेगळं जुनं लुगडं पसरा आणि ते रोज धुवा, नाकाला ओढणी बांधा, आणि भाकरीला हात लावायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. हे सोपं वाटतं पण दुपारी घाईत कुणीच करत नाही, सुपाच्या बाजूलाच ताट असतं. जर्द्याचं पोतं झोपायच्या खोलीतून हलवा, बाळ आल्यावर तर नक्कीच, पाळणा त्या खोलीत नको. शेवटच्या दोन महिन्यांत सासूबाईंनी किंवा नणंदेनं तुमच्या वाटच्या थोड्या विड्या वळल्या तर मजुरी पण बुडत नाही.

प्रश्न : सूनबाई बाळंत झाली, आमच्यात बाळंतिणीला थंडी बाधू नये म्हणून रात्री दोन चमचे ब्रँडी देतात आणि बाळ किरकिर करत असेल तर बोटानं थेंबभर चाटवतात. सूनबाई नको म्हणती, डॉक्टरनी नाही सांगितलं म्हणे. आम्ही पण वाढवलीच ना लेकरं. – एक आजी, बाळीवेस

उत्तर : आजी, सूनबाईचं बरोबर आहे. ब्रँडीनं अंग गरम झाल्यासारखं वाटतं तेवढंच, खरं तर कातडीकडं रक्त जाऊन आतली ऊब कमी होते. आईच्या रक्तात जेवढी दारू तेवढीच दुधात येते. आणि बाळाला थेंब पण नाही, त्याची साखर उतरू शकते, श्वास मंद होऊ शकतो, ते शांत झालं असं वाटतं पण ती गुंगी असते. त्याला सूनबाईच्या छातीशी उघड्या अंगानं धरा, वरून आपली सोलापुरी चादर पांघरा. डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीची भाकरी, शेक हे सगळं तुमच्या हातचं द्या, ते तिला हवंच आहे.

प्रश्न : सिस्टर, माझ्या मिसेसला दुसरा महिना आहे. एक वर्षापासून ती झोपेची गोळी घेते, अल्प्राझोलम, आधी डॉक्टरनी दिली होती नंतर मेडिकलवाला ओळखीचा म्हणून मीच आणून देतो. अधूनमधून पाठीसाठी ट्रामाडॉल पण. परवा कळलं की बाळाला वाईट असतं, मी सगळी पाकिटं गटारात टाकली. बरोबर केलं ना? – जुळे सोलापूर

उत्तर : तुमची कळकळ समजते पण एकदम बंद करायला नको होतं. रोज अल्प्राझोलम घेणाऱ्याला ती तडकाफडकी बंद झाली तर फिट येऊ शकते, दारूसारखंच. ट्रामाडॉल अफूच्या जातीतलं आहे, तेही रोजचं असेल तर एकदम तुटल्यावर त्रास होतो आणि बाळाला पण ताण पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये गरोदरपणातल्या व्यसनांवर मार्गदर्शन काढलं त्यात हेच आहे, झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या, आणि अफूच्या जातीचं व्यसन असेल तर एकदम तोडण्यापेक्षा डॉक्टरांच्या हाताखाली ठरलेल्या औषधावर ठेवायचं. आजच मानसोपचार तज्ज्ञाकडं न्या, शेवटची गोळी कधी घेतली, किती मिलिग्रॅम, हे कागदावर लिहून न्या. बाळंतपणाच्या डॉक्टरांना पण सांगा, म्हणजे बाळ जन्मल्यावर ते काही दिवस लक्ष ठेवतात, थरथर, सारखं किंचाळून रडणं, दूध न ओढणं असं काही दिसलं तर त्यावर उपचार आहेत. फोनवर आधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट, टेलिमानसवर मराठीत बोलतात. आणि मेडिकलवाल्याला सांगा की चिठ्ठीशिवाय परत देऊ नको.

प्रश्न : आमचा महिला बचत गट आहे, कुंभारीच्या विडी घरकुलात. आमच्या भागात दोन गरोदर बायका पितात हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला काहीतरी करायचंय पण त्या आमच्याशी बोलतच नाहीत. मोर्चा काढावा का? – गटाच्या अध्यक्षा

उत्तर : त्या दोघींच्या दारात मोर्चा नको, त्या घर सोडून जातील. अध्यक्षाबाई, तुमच्या पत्रातलं "सगळ्यांना माहीत आहे" हेच मला खटकलं, कारण त्यांनाही माहीत आहे की सगळ्यांना माहीत आहे, मग त्या कशा बोलतील?

दोघींना वेगळं काढू नका. भागातल्या सगळ्याच गरोदर बायकांसाठी काहीतरी करा, आशाताई आणि अंगणवाडीताईला धरून. महिन्यातून एकदा एकत्र डोहाळजेवण करा, ओटी भरा, हिरव्या बांगड्या भरा, तिथंच वजन, बीपी बघा आणि प्रत्येकीला, अगदी प्रत्येकीला, एकटीला बाजूला घेऊन तेच प्रश्न विचारा की मशेरी लावता का, ताडी-दारू घेता का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणी मारतं का. सगळ्यांना विचारलं की कुणावर बोट राहत नाही. हे विचारणारी बाई पोटात गोष्ट ठेवणारी हवी, आवाजानं मोठी नसली तरी चालेल. आणि पूर्वी स्वतः पिणं सोडलेली कुणी भागात असेल, तिची तयारी असेल, तर तिच्याइतकं कुणाचंच ऐकलं जाणार नाही. तुम्ही घरकुलात राहता, तिथं मराठीइतकीच तेलुगू चालते, तर ज्या भाषेत ती बाई घरात बोलते त्याच भाषेत विचारा.

सिव्हिलला जायचं म्हणजे त्या बाईचा दिवस बुडतो, हजार विड्यांची मजुरी जाते, रिक्षाचे पैसे जातात, घरी लहान पोर असेल तर त्याला कोण बघणार. गटातल्या चौघी मिळून तिच्या विड्या वळून देऊ शकता, एक जण पोराला सांभाळेल, एक जण तिच्याबरोबर ओपीडीच्या लाईनीत उभी राहील. हे मोर्चापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी आहे, मला तर वाटतं कित्येक बायकांचं व्यसन उपचाराअभावी राहतं ते याच एका दिवसाच्या मजुरीपायी. पहिलं बाळ असेल तर मातृवंदना योजनेचे ५००० रुपये असतात, त्यासाठी गरोदरपणाची नोंद लागते, तो फॉर्म भरायला मदत करा, त्या निमित्तानं तपासणी पण होते. बाई स्वतः भरती व्हायला तयार असेल आणि इथं जमत नसेल तर पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून चालू आहे, तिथं बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, पण गरोदर आहे हे फोनवरच सांगून विचारा.

मोर्चाची ताकद दुसरीकडं लावा. हातभट्टी आणि रसायनाची ताडी बेकायदाच आहे, अड्डा कुठं आहे ते गटानं मिळून पोलीस आणि उत्पादन शुल्कवाल्यांना लेखी द्या, एकटीनं देऊ नका. परवान्याचं दुकान असेल तर ते ठेवायचं का बंद करायचं याचं, उभी बाटली-आडवी बाटलीचं, मतदान मागता येतं. पण अड्डा उठवला की तिथं दारू गाळणाऱ्या बाईची चूल पण बंद होते, हेही बघावं लागतं. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या एसपी असताना ऑपरेशन परिवर्तन सुरू झालं, मुळेगाव तांड्यावर नुसत्या धाडी न घालता हातभट्टीवाल्या घरांना दुसरा कामधंदा धरायला मदत केली, अधिकाऱ्यांनी एकेक गाव वाटून घेतलं. तुमच्या गटाकडं शिलाई मशीन किंवा कर्ज द्यायची सोय असेल तर भट्टीवाल्या बाईला पण गटात घ्या.

आणि एक सांभाळा. गटाच्या रजिस्टरमध्ये व्यसनाबद्दल एक अक्षर लिहू नका. रिक्षाभाडं दिलं तर त्याच्यापुढं फक्त "दवाखाना" लिहायचं, बाकीच्या बायकांच्या नोंदीसारखंच.